शंभरपर्यंत येतं, पण सात जास्त की नऊ?

प्रश्न : ताई, माझा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. एक ते शंभर न अडखळता म्हणतो. पण ‘सात जास्त की नऊ?’ विचारलं की तोंडाला येईल ते सांगतो. शाळेतून कमी-जास्तच्या चिन्हांचे कागद घरी येतात. ‘मगरीचं तोंड मोठ्या आकड्याकडे’ असं शिकवलंय. तो मगर छान काढतो, तोंड मात्र भलतीकडेच असतं. रोज संध्याकाळी रडारड होते. मी कुठे कमी पडतेय?
– एक आई, चिंचवड

उत्तर : तुम्ही कमी पडत नाही आहात, आणि तोही नाही. ते कागद आजपासून बाजूला ठेवा.

शंभरपर्यंत म्हणणं हे पाठांतर आहे. मराठीत तर अकरापासून नव्व्याण्णवपर्यंत जवळजवळ प्रत्येक नाव वेगळं लक्षात ठेवावं लागतं, म्हणजे पोराची स्मरणशक्ती चांगलीच आहे. मोजता येणं ही गोष्ट निराळी. त्याच्यासमोर पंधरा-वीस चिंचोके ओता आणि म्हणा, “यातले सात मला दे.” ‘मोज’ म्हणू नका, ‘दे’ म्हणा. ‘मोज’ म्हटलं की मुलं बोट फिरवत आकडे म्हणत सुटतात. ‘दे’ म्हटलं की सातला थांबावं लागतं. या वयाची बरीच मुलं मूठभर उचलून देतात, नाहीतर चिंचोके संपेपर्यंत मोजतच राहतात. तोही तसं करत असेल, तर सात म्हणजे किती हेच अजून त्याला उमगलेलं नाही. मग सात आणि नऊची तुलना तो कशाच्या जोरावर करणार?

असं झालं तर तीन-चारवर या. एकेक चिंचोका उचलून वाटीत टाकायचा आणि टाकतानाच आकडा म्हणायचा, म्हणजे हात आणि तोंड बरोबर चालतं. झालं की विचारा, “किती टाकलेस?” त्याने पुन्हा एकपासून मोजलं तरी मोजू द्या. शेवटी म्हटलेला आकडा म्हणजेच सगळे मिळून किती, हे त्याचं त्यालाच कळायला हवं.

कमी-जास्त शिकवायला सुरुवातीला आकडे लागतच नाहीत. ताटं मांडा पाच, त्याच्या हातात वाट्या द्या चार. “पुरतील का रे?” तो एकेका ताटात वाटी ठेवत जाईल आणि शेवटचं ताट रिकामं राहील. ‘वाट्या कमी’ हे तिथे त्याला डोळ्यांनी दिसतं. दुसऱ्या दिवशी वाट्या जास्त द्या.

आमच्या बालवाडीत मी एका मुलीसमोर सागरगोट्यांच्या दोन ओळी मांडल्या होत्या, सहाला सहा, समोरासमोर. “सारखे,” ती म्हणाली. मग तिच्यादेखत खालची ओळ लांबवली. “आता खालचे जास्त!” का गं? शेवटच्या सागरगोट्यावर बोट टेकवून म्हणाली, “हे बघा ना, इथपर्यंत आलेत.” स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी मुलांची हीच रीत नोंदवून ठेवली आहे. साधारण सहा-सात वर्षांपर्यंत अनेक मुलं लांबीलाच संख्या समजतात. अशा वेळी ‘चूक’ म्हणू नका. पुन्हा जोड्या लावायला सांगा आणि सोडून द्या.

मग आकडे. आधी दोन आणि आठ, सात आणि नऊ नंतर. आकडे जितके जवळ तितकी तुलना अवघड; मोठ्या माणसांनाही तिथे किंचित जास्त वेळ लागतो. पुठ्ठ्याची एक पट्टी कापा, डावीकडून उजवीकडे 1 ते 10 घरं आखा. ‘एक’ आणि ‘दोन’ लिहिलेल्या चिठ्ठ्या करा आणि दोघं खेळा. सोंगटी पाचवर असताना ‘दोन’ची चिठ्ठी आली, तर ‘एक, दोन’ नाही, ‘सहा, सात’ म्हणत पुढे जायचं. सगळी गंमत यातच आहे. अमेरिकेत रॉबर्ट सीगलर आणि गीता रमाणी यांनी 2008 मध्ये गरीब घरांतल्या बालवाडीच्या मुलांबरोबर असाच खेळ खेळून पाहिला. कमी-जास्त ओळखणं सुधारलं. आकड्यांऐवजी नुसते रंग असलेल्या पट्टीवर खेळलेल्या मुलांना तो फायदा झाला नाही. सापशिडी मात्र अजून नको. तिथे ओळी उलटसुलट वळतात, त्यात शंभर घरं.

शाळेचं म्हणाल, तर बाईंना जाऊन भेटा. 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत या केंद्र सरकारच्या वाचन-गणित अभियानात पहिलीच्या आधीच्या बालवाटिकेसाठीसुद्धा दहापर्यंतचे अंक ओळखून वाचता येणं आणि अंक, वस्तू क्रमाने लावता येणं अशी अपेक्षा आहे. तुमचं मूल त्याहूनही लहान. त्याच्याकडून चिन्हं काढून घेणं, तेही रडवून, याचा मला मनापासून राग येतो. ‘चिन्हांचे कागद तूर्त आम्ही करणार नाही, घरी वस्तू मोजतो आहोत,’ असं शांतपणे सांगा. बहुतेक बाई ऐकून घेतात.

पहिलीत जायची वेळ आली तरी पाच वस्तू मोजून देता येत नसतील, तर मात्र थांबू नका. शिक्षिकांशी आणि बालरोगतज्ज्ञांशी बोला. आत्ता त्याची गरज दिसत नाही. चिंचोके देऊन बघा, तो कितीपर्यंत बिनचूक देतो ते मला कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.