दोन महिन्यांच्या पिल्लाला जुलाब होतायत. दही-भात द्यावा की एक दिवस उपाशी ठेवावं?

लॅब्रॅडॉरचं पिल्लू, घरी येऊन आठवडाही झालेला नाही, शी पातळ होतेय आणि घरातले ज्येष्ठ म्हणतायत की एक दिवस काही देऊ नका, पोट आपोआप बसेल. दही-भाताचं पुढे सांगते. उपास मात्र अजिबात नको. हे ज्येष्ठ तुमचे कोण ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला ते ओळखीचेच वाटतायत. आमच्याकडे त्या जागी दादा आहे, माझा थोरला भाऊ.

आमची रमी गावठी. बिल्डिंगमागच्या पत्र्याखाली झालेल्या वेतातली. श्रावणात घरी आली आणि गणपतीपर्यंत तिचं पोट काही केल्या ठिकाणावर येईना. शी पातळ, वर शेंबडासारखा चिकट थर, खाणं मात्र जोरात. दादा दर्शनाला कोथरूडला आला, सोफ्यावर बसला आणि चहा यायच्या आत निदान करून मोकळा झाला : "ते पाकिटातलं खाणं बंद कर. गावठी आहे, दगड पचवेल. आज लंघन, उद्यापासून दूध-पोळी. लंघनं परमौषधम्."

तासाभरानं गॅलरीत जाऊन बघते तर हा रमीपुढे वाटी धरून बसलेला. लंघन सांगणाराच दुधात पोळी कुस्करतोय! दुसऱ्या मुठीत प्रसादाचं पंचखाद्य. त्यातले बेदाणे रमीच्या तोंडापासून बोटभर अंतरावर होते. मी हातावर फटका मारून मूठ उघडायला लावली, साठी उलटलेल्या माणसाच्या, तेही गणपतीसमोर. बेदाणे आणि द्राक्षांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि नेमके किती खाल्ले की होतात याचा काही हिशेब नाही. पण दादाच्या लेखी मी प्रसाद नाकारला. ते अजून निघतं.

दुसऱ्या दिवशी सकाळची ताजी शी श्रीखंडाच्या धुतलेल्या डब्यात घेऊन डॉक्टरांकडे गेले. (आमच्याकडे आता श्रीखंड वाढलं की आधी डब्याची चौकशी होते.) त्यांनी काडीच्या टोकाएवढी काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि मलाही बघायला लावलं. सगळा गढूळ कचरा, आणि मध्येमध्ये काचेसारखे स्वच्छ लंबगोल, प्रत्येकाच्या आत एक गोल ठिपका. कॉक्सिडिया. हे जंत नव्हेत, एकपेशीय परजीवी. म्हणजे पिल्लाला आधी पाजलेलं जंताचं औषध यांचं काही वाकडं करू शकत नाही, त्यांचं औषध वेगळं असतं. ते सुरू झाल्यावर शी बांधून यायला लागली. शिवाय शी पडल्या पडल्या उचलायची, कारण ती बाहेर दिवसभर राहिली की त्यातले हे लंबगोल पुन्हा लागण करण्याजोगे होतात. फिनेलला ते दाद देत नाहीत, फरशीवर उकळतं पाणी ओतावं लागतं.

काचपट्टीचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. दादाचं उत्तर : "मोतीसाठी कुणी मायक्रोस्कोप आणला होता?"

तर हा मोती. नारायण पेठेतल्या आमच्या वाड्यातला कुत्रा, दादा शाळेत असतानाचा. दूध-पोळीवर वाढला, कधी दवाखाना पाहिला नाही आणि म्हातारा होऊन मेला. आमच्या घरात कुत्र्याचा विषय निघाला की शेवटचा शब्द मोतीचा. मी एकदाच विचारलं होतं, मोतीच्या वेताची बाकीची पिल्लं कुठे गेली? आई म्हणाली, गेली गं पावसाळ्यात, कुत्र्याची पिल्लं जायचीच. झालं. जगला तो मोती लक्षात राहिला, आणि मेलेल्यांच्या पोटात काय झालं होतं ते बघायला कुणी गेलंच नाही. शिवाय दादाचं सगळं ज्ञान ७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. आज पिल्लं पटापट नेणारा पार्व्हो हा विषाणू जगाला माहीत झाला १९७८ मध्ये. मोतीच्या बालपणी तो वाड्यात येऊच शकत नव्हता. तुमच्या पिल्लाला येऊ शकतो.

म्हणून आधी लसीचं कार्ड काढून बघा. पार्व्होची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात सुरू होते आणि दर तीन-चार आठवड्यांनी, पिल्लू किमान सोळा आठवड्यांचं होईपर्यंत, पुन्हा द्यावी लागते. एक टोचणी झाली म्हणजे झालं असं नाही. पिल्लू आठ आठवड्यांच्या आत तुमच्या हातात दिलं असेल तर विकणाऱ्यानं कुत्र्यांच्या पैदाशी-विक्रीचा २०१७ चा नियमच मोडलाय, त्याच्या कार्डावर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

उपास का नको? मोठं कुत्रं एक वेळ न खाता निभावतं. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या अंगात साठाच नसतो, रक्तातली साखर उतरते आणि ते लटपटायला लागतं. दूधही बंद. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त प्रथिनं असतात आणि लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, कमी. गाई-म्हशीच्या दुधातलं जास्तीचं लॅक्टोज पिल्लाला पचलं नाही की ते आतड्यात पाणी ओढतं आणि तुमची फरशी खराब होते. दादाला हे मी कागदावर लिहून दिलं होतं. त्यानं त्या कागदावर किराण्याची यादी केली.

दही-भात : गुरगुट्या भात, साधं ताजं दही चमचाभर, चालेल. मीठ, हिंग, फोडणी काही नाही. त्यापेक्षा बिनहाडाचं उकडलेलं चिकन आणि भात बरा, थोडाथोडा, दिवसातून चार-पाच वेळा. कांदा-लसणाचा रस्सा चुकूनही नको. एरवी ब्रीडरकडे जे खात होतं तेच पुढे चालू ठेवायचं आणि बदलायचं तर आठवडाभरात हळूहळू. नव्या पिल्लाचे निम्मे जुलाब या घाईतून होतात असं माझं मत. आपल्या औषधाच्या डब्यातली जुलाब थांबवायची गोळी, पाव तुकडासुद्धा, देऊ नका.

रक्त दिसलं, उलट्या सुरू झाल्या, पिल्लू खेळेना-खाईना, हिरड्या पांढरट किंवा चिकट-कोरड्या वाटल्या, तर हे उत्तर अर्धवट सोडून निघा, रात्र असली तरी. पार्व्होची चाचणी शीच्या नमुन्यावर दवाखान्यातच काही मिनिटांत होते. यातलं काही नसलं तरी शीचा नमुना तपासून घ्याच. पुण्यात असाल आणि खासगी परवडत नसेल तर औंधला सरकारी पशुचिकित्सालय आहे.

मी डॉक्टर नाही, एका कुत्रीच्या अनुभवावर बोलतेय. आणि रमीला कॉक्सिडिया होता म्हणून तुमच्याकडेही तोच असेल असं नाही, नुसतं जागा बदलल्यानंही पोट बिघडतं. दादाबद्दलही खरं सांगायचं तर त्यानं रमीला फिरवून जे वळण लावलंय ते आम्हाला जमलं नसतं. पण खायला घालणारा माणूस घरात एकच ठरवा, आणि तो ते ज्येष्ठ नसू देत.