होम्सच्या नव्या गोष्टी घेताना आधी वॉटसन बघा

शेरलॉक होम्सचे मूळ लेखक आर्थर कॉनन डॉयल यांच्या 56 कथा आणि 4 कादंबऱ्या वाचून संपल्या, आता इतरांनी लिहिलेला शेरलॉक होम्स वाचावा का, की हा सगळा नावावर चाललेला धंदा आहे, असं तुम्ही विचारलंय. धंदा तर आहेच. पण त्यात थोडा अस्सल मालही मिळतो. तो ओळखायची माझी खूण एकच: होम्सचा मित्र आणि त्याच्या गोष्टी सांगणारा डॉक्टर वॉटसन जमलाय का?

पाइप, व्हायोलिन, पँटवरच्या चिखलावरून माणूस लंडनच्या कुठल्या भागातून आला ते सांगणं, हे बऱ्यापैकी हुशार लेखकाला दोन दिवसांत जमतं. अवघड असतो तो गोष्ट सांगणारा. खुद्द डॉयलनाही त्याच्यावाचून निभावलं नाही. 1926 साली त्यांनी ‘द ब्लँच्ड सोल्जर’ आणि ‘द लायन्स मेन’ या दोन कथा होम्सच्याच तोंडून सांगितल्या. दोन्ही फिक्या. पहिलीत तर होम्स स्वतःच कुरकुरतो की आपली गोष्ट आपणच सांगायची म्हणजे हातातले पत्ते दाखवत जावं लागतं. वॉटसन मधले दुवे दडवून ठेवायचा, म्हणून त्याचे शेवट रंगायचे. नव्या लेखकांनी हे एवढं जरी मनावर घेतलं असतं तरी अर्धी रद्दी लिहिली गेली नसती.

आणि वॉटसन बावळट नाही. तो बावळटपणा बेसिल रॅथबोन होम्स झालेल्या जुन्या चित्रपटांत वॉटसनचं काम करणाऱ्या नायजेल ब्रूसने चिकटवला. मूळचा वॉटसन लष्करातला डॉक्टर, अफगाणिस्तानातल्या मैवंदच्या लढाईत जखमी झालेला, वेळ पडली तर खिशात रिव्हॉल्व्हर टाकून निघणारा. (हिंदुस्थानात तो उतरला तो मुंबईला. पहिल्याच कादंबरीच्या सुरुवातीला आहे, तरी आपल्याकडे कुणाच्या लक्षात राहत नाही.)

या खुणेवर सगळ्यात खरं उतरतं ते निकोलस मेयरचं 1974 सालचं ‘द सेव्हन-पर-सेंट सोल्यूशन’. होम्सचं कोकेन हाताबाहेर गेलंय आणि वॉटसन त्याला फसवून व्हिएन्नाला नेतो, सिगमंड फ्रॉइडकडे. यात होम्सचा कट्टर शत्रू मोरियार्टी म्हणजे लहानपणी होम्सला गणित शिकवणारा एक घाबरट मास्तर! कट्टर भक्तांना हे अजून पचलेलं नाही. मला मात्र पुस्तकाचा पहिला भाग फार आवडतो, कारण तिथे मित्राचं व्यसन बघून खचलेला, तरी हिय्या करणारा वॉटसन आहे. उत्तरार्धातला आगगाडीचा पाठलाग मेयरने बहुतेक चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून लिहिला असावा. तो चित्रपट 1976 मध्ये आलाही.

अँथनी होरोवित्झचं ‘द हाउस ऑफ सिल्क’ (2011) हे डॉयल यांच्या वारसांच्या संमतीने आलेलं. होम्स गेलाय, वॉटसन म्हातारा झालाय, आणि हे प्रकरण इतकं घाण आहे की हस्तलिखित शंभर वर्षं उघडू नये अशी सूचना करून तो ते बँकेत ठेवतो. आवाज इतका बेमालूम आहे की दहा-वीस पानं डॉयलच वाचतोय असं वाटतं. तक्रार आहे ती लांबीची. दोन वेगळ्या प्रकरणांची मोट बांधल्याचं जाणवतं. पण ही खोड मुळातलीच म्हणायची, कारण होम्सचा जीव कथेएवढा. डॉयलच्याही चारपैकी दोन कादंबऱ्यांत होम्सला बाजूला बसवून अर्धं पुस्तक अमेरिकेतली जुनी हकिकत चालते.

होरोवित्झच्याच ‘मोरियार्टी’मध्ये (2014) मात्र होम्स-वॉटसनची जोडी जवळजवळ नाहीच. वाचकांत उभी फूट आहे. शेवटची कलाटणी जबर आहे हे मान्य, पण मला ते दुसऱ्याच कुणाचं तरी पुस्तक वाटलं.

माझा खरा राग आहे तो प्रकरणं फुगवण्यावर. लंडनचा कधीच न सापडलेला खुनी जॅक द रिपर याच्याशी होम्सची गाठ कितीदा घालून झाली! शिवाय साम्राज्य उलथवणारे कट, वाटेत भेटणारे ऑस्कर वाइल्ड आणि चर्चिल. मूळ कथांत काय असतं? नाताळच्या हंसाच्या पोटात सापडलेलं रत्न. लाल केसांच्या माणसाला आठवड्याला चार पौंड देऊन विश्वकोश उतरवून घेणारी संस्था. क्षुल्लक, हास्यास्पद वाटणारी सुरुवात आणि तिच्या तळाशी गुन्हा. रिपर आला की ही गंमत पहिल्या पानावरच संपते.

लॉरी किंगच्या मालिकेत (पहिलं पुस्तक 1994 चं) ससेक्समध्ये मधमाश्या पाळणाऱ्या होम्सला पंधरा वर्षांची मेरी रसेल भेटते, शिष्या होते आणि पुढे चक्क बायको. होम्सचं लग्न लावलं म्हणून चिडणाऱ्यांना एवढंच सांगतो की होम्सवरच्या नाटकासाठी अमेरिकन नट विल्यम जिलेटने विचारलं तेव्हा खुद्द डॉयलनीच कळवलं होतं, त्याचं लग्न लावा, त्याचा खून करा, हवं ते करा. माझी अडचण वेगळी आहे. रसेल होम्सइतकीच तल्लख आहे, मग चकित व्हायचं कुणी?

आता माझं लाडकं. जामयांग नोर्बू या तिबेटी लेखकाचं ‘द मंडला ऑफ शेरलॉक होम्स’ (1999). रायखेनबाखच्या धबधब्यात होम्स मेला असं सगळ्यांना वाटलं, त्यानंतर आपण दोन वर्षं तिबेटात होतो, ल्हासाला जाऊन आलो, असं होम्स डॉयलच्या ‘द एम्प्टी हाउस’ या कथेत एका वाक्यात सांगून मोकळा होतो. नोर्बूने ती दोन वर्षं लिहिली, आणि ज्याचा देशच हातचा गेलाय अशा माणसाने ती लिहिलीत हे पानोपानी कळतं. निवेदक आहे किपलिंगच्या ‘किम’ कादंबरीतला बंगाली हेर हरीचंद्र मुखर्जी: विद्वत्तेचा तोरा मिरवणारा, घाबरट, होम्सवर मनापासून लुब्ध. वॉटसन नसूनही त्याची जागा रिकामी राहत नाही. शेवटी कथा चमत्कारांत शिरते तेव्हा अनेकांनी पुस्तक मिटलं. होम्स आणि दैवी शक्ती! त्यांचंही चूक नाही, पण मी मिटलं नाही.

आणखी एक. इंग्रज वाचक अशा पुस्तकांत आधी अमेरिकन शब्दप्रयोग शोधून काढतात आणि तिथेच नापास करतात. माझ्यासारखे भालबा केळकरांच्या मराठीतून होम्सकडे आलेले वाचक या बाबतीत सुखी. भाषा मुळात उसनी होती, तरी दोस्ती पोचलीच होती. म्हणून व्हिक्टोरियन इंग्रजी किती हुबेहूब आहे याला मी फारसे गुण देत नाही.

तेव्हा आधी मेयर, मग नोर्बू. ‘हाउस ऑफ सिल्क’ तिसरं घ्या, आणि त्याचा शेवट कुणी सांगायच्या आत घ्या. कथाच हव्या असतील तर डॉयलचा मुलगा एड्रियन आणि जॉन डिक्सन कार यांचा 1954 चा बारा कथांचा संग्रह बघा. वॉटसनने नुसता उल्लेख करून सोडलेली प्रकरणं त्यात घेतली आहेत. सगळ्या जमलेल्या नाहीत, पण लांबी बरोबर आहे.