एमडीच्या मधेच वर्षभर बाहेर जावं का?

मेडिसिनच्या सेकंड इयरला आहेस. मामेबहीण ब्रिटनमध्ये ट्रेनिंगमधून वर्षभर बाहेर पडून परत आपल्या जागेवर आली, मग इंदूरमध्ये मला का जमू नये, असं विचारलंयस. तिच्यासारखं नाही जमायचं.

तिकडे त्याला 'आउट ऑफ प्रोग्राम' म्हणतात. डीननं मंजुरी दिली की ट्रेनिंग नंबर, म्हणजे तिची ट्रेनिंगमधली जागा, तसाच राहतो. संशोधनासाठी तर ३ वर्षांपर्यंत सोडतात. बाहेरचा काळ ट्रेनिंगमध्ये धरायचा असेल तर मात्र जीएमसीची, म्हणजे तिथल्या जनरल मेडिकल कौन्सिलची, परवानगी आधीच लागते. आपल्याकडे ही सोयच नाही. २०२३ च्या पीजी नियमांत वर्षाला २० दिवस पगारी रजा, ५ दिवस अ‍ॅकॅडमिक, हजेरी ८० टक्के. त्यापुढे रजा घेतलीस की तेवढी टर्म वाढते. बॅच परीक्षेला बसते आणि तू वॉर्डात.

एमडी उरकून जा. मी तेच केलं. डीएमआधी (एमडीनंतरचा सुपरस्पेशालिटी कोर्स) एक वर्ष अलीराजपूर या आदिवासी जिल्ह्याकडच्या एका छोट्या दवाखान्यात होतो. इंदूरला राजेंद्रनगरात आईला शेजारी विचारायचे, "मुलाचं कुठं लागलं नाही का?" अलीराजपूरकडे सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, घरोघरी. इंदूरला मी फक्त इलेक्ट्रोफोरेसिसचा (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी तपासणी) रिपोर्ट वाचायचो. तिथं स्लाइड स्वतः करायला शिकलो. रक्ताच्या थेंबात ऑक्सिजन काढून घेणारं मेटाबायसल्फाइट घालायचं, वर कव्हरस्लिप, आणि कडा सिस्टरच्या गुलाबी नेलपॉलिशनं बंद. थोड्या वेळानं गोल पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या दिसतात. पण पेशंट आहे की नुसता वाहक, हे त्यातून कळत नाही. नमुना पुन्हा इंदूरलाच.

एक सांगतो, जाशील तिथं रुजू झाल्याचं पत्र पहिल्या दिवशीच घे. मला अनुभवाचं प्रमाणपत्र मिळायला चार महिने हेलपाटे पडले.

आणि तुझी डिस्ट्रिक्ट रेसिडेन्सी, म्हणजे जिल्हा रुग्णालयातली सक्तीची पोस्टिंग, झाली का? तिसऱ्या ते पाचव्या सत्रात ३ महिने असते. बहुतेक पोरं ती सुट्टीसारखी काढतात. आदिवासी जिल्हा मागून बघ, सीटला धक्का न लागता निम्मी हौस भागेल.

पण खरं कारण 'आता झेपत नाही' हे असेल, तर त्याला अनुभव वगैरे म्हणू नकोस. डॉक्टरला दाखव, रीतसर मेडिकल लीव्ह घे, टर्म सहा महिने वाढली तर वाढू दे. यातलं नक्की काय आहे ते लिही, मग पुढचं बोलू.