स्नोमॅन आईचा, बस मुलांची

"काकू, नमस्कार. मी नागपुरात त्रिमूर्तीनगरला राहते. मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीनचा. नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या आणि मला आत्तापासूनच धडकी भरलीय. शाळेतल्या आयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवीन काहीतरी असतं. कुणाकडे सांताची थीम पार्टी, कुणी विंटर कॅम्पचे पैसे भरून मोकळी. मी घरून काम करते. मागच्या वर्षी रात्री साडेअकरापर्यंत बसून मी कापसाचा स्नोमॅन केला. मुलगी सारखी हात लावत होती, बिघडेल म्हणून तिच्यावर ओरडले. फोटो छान आला, सगळ्यांनी कौतुक केलं. सकाळी दोघांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सामान ज्या खोक्यातून आलं होतं, त्यात बसून दीड तास 'बस बस' खेळली. मला रडूच आलं. सासूबाई काटोलच्या. त्या म्हणतात, 'आपल्या घरी नाताळबिताळ कायले पाहिजे? संक्रांत येऊनच राह्यली न.' आणि मुलगी रोज विचारते, यंदा तरी सांता आपल्या घरी येईल का? काकू, मी कमी पडतेय का हो?"

– एक आई

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. दोन्ही वेळा त्या खोक्यापाशीच थांबले. दोन पोरं दीड तास भांडण न करता एका खोक्यात बसून राहतात, हे सोपं नाही गं. तू 'रडू आलं' म्हणतेस, पण त्या घरात त्या सकाळी जे व्हायला हवं होतं ते झालं होतं. ते तू ठरवलं नव्हतंस, एवढंच.

आधी कडू ते सांगते, म्हणजे मग मोकळेपणी बोलता येईल. तो स्नोमॅन तुझा होता. तुझ्या हातचा, तुझ्या हौसेचा, तुझ्या ग्रुपसाठीचा. हौस असण्यात काहीच वाईट नाही. पण ज्या वस्तूला हात लावला की ओरडा बसतो, ती वस्तू मुलांच्या मनात 'आईची' म्हणून जमा होते आणि ती तिच्यापासून लांब राहतात. तुझी लेक सकाळी रुसली नव्हती. तिने ती वस्तू तुला परत दिली होती. या सुट्टीत एकदा तिला जवळ घेऊन सांग, "मागच्या वेळी मी तुला हात लावू दिला नाही, माझं चुकलं." सहा वर्षांच्या मुलीला हे पक्कं आठवत असतं.

आता खोकं. खोक्याला स्वतःचं काही म्हणणं नसतं. म्हणूनच ते बस होतं, घर होतं, दुकान होतं. स्नोमॅन मात्र स्नोमॅनच राहतो. सायमन निकल्सन नावाच्या इंग्रज कलावंताने १९७१ साली एका लेखात हेच मांडलं: मुलांच्या भोवती हलवता, जोडता, मोडता येतील अशा सुट्या वस्तू जितक्या जास्त, तितकी त्यांची कल्पकता जास्त. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर त्याच्या कितीतरी आधी, १९४५ पासून बोर्डीला बालवाडीत हे करून दाखवलं. परदेशी महागड्या साधनांच्या जागी त्यांनी बिया, पानं, शंखशिंपले, खडे आणले. सुट्टीत सुट्या वस्तू लागतात, तयार किट नाही.

तेव्हा २४ तारखेच्या आधी एक पाटी किंवा परात भर. दोन खोकी, जुन्या ओढण्या, कपडे वाळवायच्या चिमट्या, सुतळी, रिकाम्या डब्यांची झाकणं, गव्हाची ओली कणीक, खडू. ते गॅलरीत उन्हात ठेव आणि बाजूला हो. पहिली पंधरा-वीस मिनिटं "आई, बोर होतंय" हेच ऐकायला येईल. तिथे मोबाइल हातात दिलास तर खेळ तिथेच संपला. तू जवळ बसून तुझं काम कर, फक्त दिसत राहा. काही बनवून आणलं तर "हे काय आहे?" असं विचारू नकोस, त्यात परीक्षा असते. "सांग ना मला याच्याबद्दल" म्हण आणि ऐक.

एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. २९ डिसेंबर २०१८ ला आपल्या नागपूरचा पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तरी बर्फ काही पडला नाही. आपल्या मुलांनी बर्फ पाहिलेला नाही, आणि आपण त्यांना कापसाचा बर्फ करायला लावतो. त्याच वेळी घरात संत्र्यांची टोपली भरलेली असते, ती मात्र कुणाच्या नजरेत येत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, म्हणून साडेतीन वर्षांचं पोरगं ती स्वतः सोलू शकतं. बोटं पिवळी होतात, घरभर वास सुटतो. सालीच्या होड्या परातीतल्या पाण्यात सोडता येतात, फोडी मोजता येतात, बिया ओल्या कापसावर ठेवून पाहता येतं. (घे, तुझ्या कापसाचा उपयोग झाला.) अख्ख्या संत्र्यात लवंगा खोचून नक्षी करायची युरोपात नाताळची जुनी रीत आहे. लेकीला ते दे. आधी टूथपिकने भोकं तू पाडून दे, नाहीतर बोटं दुखतात.

आणि इथेच तुझ्या सांताचंही उत्तर आहे. चौथ्या शतकात, आजच्या तुर्कस्तानात मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचे बिशप, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू होते. सांता त्यांच्यावरूनच आला. त्यांच्याबद्दलची कथा अशी की एका गरीब घरात तीन मुलींच्या लग्नाला पैसे नव्हते, तेव्हा त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं. काही जण सांगतात ते वाळत घातलेल्या मोज्यात पडलं. त्यांचा सण ६ डिसेंबरला असतो. त्या सोन्याची आठवण म्हणून थंड देशांत मुलांच्या मोज्याच्या टोकाशी एक संत्रं ठेवायची पद्धत पडली असं म्हणतात. हिवाळ्यात तिकडे संत्रं म्हणजे अपूर्वाई होती. लेकीला ही गोष्ट सांग. काटोलच्या बागेतलं संत्रं रात्री तिच्या मोज्यात ठेव आणि दुसऱ्या रात्री तिलाच गुपचूप ठेवणारी कर: वॉचमनकाकांच्या खुर्चीवर, दूधवाल्याच्या पिशवीत, आजीच्या उशाशी. कुणाला कळू द्यायचं नाही, हा नियम. सहा वर्षांच्या मुलांना गुपित सांभाळायला किती आवडतं, बघशीलच.

"सांता खरा आहे का?" असं तिने थेट विचारलं तर खोटं बोलू नकोस. मोठी माणसं मुलांसाठी हा खेळ खेळतात, आणि आता तूही आमच्या बाजूने खेळ, असं सांग. "त्रास दिलास तर सांता काही देणार नाही," ही धमकी मात्र कधीच नको. तसंच नाताळ हा ख्रिस्ती लोकांचा सण आहे हेही तिला कळू दे. वर्गातल्या कुणा मैत्रिणीकडे येशूजन्माची गव्हाणी मांडत असतील तर त्यांना विचारून बघायला घेऊन जा. गवत, मेंढ्या, गाढव, बैल. आपल्या मुलांना बैल लगेच ओळखू येईल, तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरात असतोच ना.

सासूबाईंबद्दल तू फक्त एक ओळ लिहिलीस, पण पत्रातलं खरं दुखणं तिथे आहे असं मला वाटतं. त्या नाताळला नाही म्हणत नाहीयेत. या सगळ्या गडबडीत आपल्याला कुणी काही विचारत नाही, हे त्या त्यांच्या शब्दांत सांगताहेत. त्यांना विचार. बाजारात आता तुरीच्या ओल्या शेंगा आल्या असतील. एक सूप घेऊन तिघांना उन्हात बसव. सोले काढताना धाकट्याच्या चिमटीला जो व्यायाम होतो तो पुढे पेन्सिल धरायला कामी येतो, आणि त्याने काढलेल्या सोल्यांचा भात त्याच दिवशी ताटात पडला की तो चार घास जास्तच खातो. आजीला तिच्या लहानपणीचे खेळ विचारायला लेकीला सांग. तू मधे पडू नकोस.

बोरन्हाण साधारण पाच वर्षांपर्यंत करतात. धाकट्याचं यंदा करा आणि तयारी मुलांवर सोपवा. सुईदोऱ्यात मुरमुरे ओवून मुकुट, हार, बाजूबंद करायचे. ओवणं लेकीचं, सुई बोथट. वाकडे झाले तर वाकडेच घाला त्याला, हात लावून सरळ करू नकोस. लुटीत मात्र जपून. लहान मुलांच्या घशात अख्खा शेंगदाणा, फुटाणा, बोराची बी अडकू शकते. पाचच्या आतली मुलं असतील तिथे मुरमुरे टाक, आणि उसाऐवजी खेळणी, बिस्किटं. बोरं वरून एखादी, शास्त्रापुरती, आणि ती लगेच उचलून घे.

कॅम्पचं लिहिलंस म्हणून सांगते. तुला कामाला तास लागत असतील तर पाठव, मनाला लावून घेऊ नकोस. फक्त पैसे भरायच्या आधी मागच्या वर्षी मुलांनी केलेल्या वस्तू बघायला माग. वीस मुलांचे वीस सांता एकसारखे दिसले तर ते बाईंनी केलेले आहेत. आणि मुलं उन्हात किती वेळ असतात ते विचार.

पतंगाचं मात्र कडक बोलते. छोट्यांना कागदाचा पतंग आणि शिवणाचा साधा दोरा पुरे. तो फार वर गेला नाही तरी पळण्यात मजा आहे. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, तरी दरवर्षी तो आपल्या शहरात गळे कापतो. संक्रांतीच्या आठवड्यात मुलाला स्कूटीवर पुढे उभं करून नेऊ नकोस. अगदी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा नाही.

शेवटी एक खेळ सांगते, याला पैसा लागत नाही. २२ डिसेंबरच्या दुपारी बारा वाजून दहा-बारा मिनिटांनी सगळे गच्चीवर जा. नागपुरात त्या दिवशी, त्या वेळी, माणसाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी पडते. लेकीला ताठ उभी कर, आजीच्या हातात खडू दे, सावलीच्या डोक्याशी रेघ मारू दे. मग लेकीला तिच्याच सावलीवर आडवं झोपव, बरोबर मावते का बघा. धाकट्याची रेघ वेगळ्या रंगाने. पाण्याने पुसली जाईल, म्हणून वर गेरूचा हात फिरवा. मग संक्रांतीला पुन्हा त्याच जागी, त्याच सुमारास उभं करा. दिवस तिळातिळाने मोठा होतो असं आजी म्हणतच असेल. लेकीची सावली तोवर चार बोटं आखूड झालेली असेल. ती किती झाली, ते मोजून लेकीच्या अक्षरात मला कळव.

तुझी,
काकू