सुट्टीत नाक मोकळं, कामावर गेलं की शिंका

प्रश्न : सहा वर्षं बेकरीत मिक्सिंगला आहे. वर्षभर झालं, मैद्याचं पोतं उघडलं की शिंका सुरू, आणि आता दोन महिने रात्री छातीत घरघर पण होते. सुट्टी घेतली की चार दिवसांत एकदम बरा. शिंकांची गोळी तेवढ्यापुरती चालते. पण ब्रेड खाल्ला तर काहीच होत नाही, मग ही पिठाची ॲलर्जी कशी? नोकरी सोडू का?

उत्तर : ब्रेड चालतो म्हणून ॲलर्जी नाही असं नसतं हो, कच्चं पीठ नाकातून आत जाणं वेगळं आणि भाजलेलं पोटात जाणं वेगळं, तुमच्यासारखे बरेच जण ब्रेड आरामात खातात. शिवाय दोषी मैदाच असेल असंही नाही, ब्रेड इम्प्रूव्हरमध्ये (ब्रेड मऊ आणि फुगीर व्हावा म्हणून पिठात घालतात ती पावडर) बुरशीपासून काढलेलं अमायलेज नावाचं एन्झाइम असतं, कधी त्याची पण ॲलर्जी निघते, म्हणून टेस्टला जाताना त्या पाकिटाचा फोटो घेऊन जा.

आधी नाक, मग छाती, हा पिठाच्या धुळीने होणाऱ्या दम्याचा नेहमीचा रस्ता आणि तुम्ही त्यावर बरेच पुढे आलाय. राजीनामा लगेच देऊ नका कारण कामावर असतानाच तपासणी नीट होते : पीक फ्लो मीटरमध्ये (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारी छोटी नळी) दिवसातून निदान चार वेळा फुंकायचं, आकडे लिहायचे, कामाचे दिवसही आणि सुट्टीचेही, असं तीन-चार आठवडे. सोबत ॲलर्जीची टेस्ट : स्किन प्रिक (त्वचेवर थेंब टाकून हलकं टोचतात) किंवा रक्ताची आयजीई (ॲलर्जीत वाढणारी अँटीबॉडी). (पण धाप लागून बोलता येईना झालं तर कसली वही अन् कसलं काय, सरळ इमर्जन्सीला जा.)

औषधं म्हणाल तर नाकाला स्टेरॉइडचा स्प्रे, छातीला स्टेरॉइडचा इनहेलर, तोही रोज, त्रास झाला तेव्हाच नाही. गोळीने शिंका थांबतात, दमा नाही थांबत. आणि खरं सांगू, रोज तीच धूळ ओढत राहिलात तर औषध वाढतच जातं.

म्हणून मालकाशी बोला. पोतं उंचावरून धाडकन ओतायचं नाही, मिक्सरला झाकण, सुरुवात स्लो स्पीडवर, टेबलावर मूठभर पीठ उडवण्याऐवजी चाळणीने भुरभुरवायचं. कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा तर बंदच, फिल्टरवाला व्हॅक्यूम किंवा ओलं फडकं. मास्क एन९५, रुमाल नाही, पण मास्कच्या भरवशावर बाकीचं सोडू नका.

ॲलर्जी पक्की निघाली तर मिक्सिंगवरून पॅकिंगला किंवा काउंटरला बदली मागा, हात बसलेलं काम सोडायचं जिवावर येतं हे कळतं, पण दमा जितका जुना होतो तितका काम सोडल्यावरही तसाच राहण्याची शक्यता वाढते.