घर्षण असलेल्या उतारावर ऊर्जेचा हिशेब

प्रश्न : घर्षण असताना यांत्रिक ऊर्जा (स्थितिज आणि गतिज ऊर्जेची बेरीज) कायम राहत नाही. मग उताराच्या गणितात ऊर्जा अक्षय्यतेचा नियम कसा वापरायचा?

यांत्रिक ऊर्जा घटते हे खरे आहे. परंतु घटलेला भाग नाहीसा होत नाही, तो ठोकळ्याच्या आणि उताराच्या पृष्ठभागांत उष्णतेच्या रूपाने राहतो. म्हणून सुरुवातीची स्थितिज ऊर्जा ही तळाशी असलेली गतिज ऊर्जा आणि घर्षणाविरुद्ध झालेले कार्य यांच्या बेरजेइतकी मांडावी. समजा, ३०° कोनाच्या, ५ मीटर लांबीच्या उताराच्या माथ्यावरून २ किलोग्रॅमचा ठोकळा सोडला आणि घर्षणांक ०.२ आहे. उंची २.५ मीटर असल्याने स्थितिज ऊर्जा ४९ ज्यूल होते. अभिलंब बल (उतार ठोकळ्यावर पृष्ठभागाला लंब दिशेने लावतो ते बल) म्हणजे पूर्ण वजन (१९.६ न्यूटन) नव्हे, तर वजन गुणिले कोसाइन ३०°, म्हणजे सुमारे १७ न्यूटन, येथेच सर्वाधिक विद्यार्थी चुकतात. त्याला घर्षणांकाने गुणले की घर्षण बल ३.४ न्यूटन येते. त्याला उंचीने नव्हे, तर उताराच्या लांबीने गुणले की कार्य १७ ज्यूल मिळते. उरलेल्या ३२ ज्यूलांवरून तळाशी वेग सेकंदाला सुमारे ५.७ मीटर येतो. घर्षण नसते, तर तो ७ मीटर आला असता.

प्रश्न : वर चढताना घर्षणात गेलेली ऊर्जा खाली येताना परत मिळते का?

नाही. घर्षण नेहमी सरकण्याच्या विरुद्ध दिशेने असते. याच ठोकळ्याला माथ्यापर्यंत पोहोचवायला तळाशी ६६ ज्यूल द्यावे लागतात आणि परतल्यावर त्याच्याजवळ ३२ ज्यूलच उरतात.

प्रश्न : घर्षणांक ०.७ घेतल्यावर वेगाचा वर्ग ऋण आला. माझे काय चुकले?

आकडेमोड नव्हे, गृहीतक चुकले, आणि ते उत्तरावरूनच ओळखता येते, म्हणून मला हा प्रश्न मोलाचा वाटतो. उपलब्ध ऊर्जा ४९ ज्यूल असताना घर्षणासाठी ५९ ज्यूल लागत असतील, तर ठोकळा तळापर्यंत येऊच शकत नाही. टॅन ३०° म्हणजे ०.५८, घर्षणांक त्याहून अधिक असल्याने स्थिर सोडलेला ठोकळा जागचा हलणारही नाही.

प्रश्न : ठोकळ्याऐवजी भरीव गोळा घरंगळत आला तर?

न घसरता घरंगळणाऱ्या गोळ्याचा उताराला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो, त्यामुळे घर्षण असूनही ऊर्जा उष्णतेत जात नाही. या उतारावर त्यासाठी किमान ०.१७ घर्षणांक लागतो, म्हणजे ०.२ पुरेसा आहे. ४९ ज्यूलांपैकी १४ ज्यूल गोळ्याच्या स्वतःभोवती फिरण्यात आणि ३५ ज्यूल पुढे जाण्यात विभागले जातात. वेग सेकंदाला सुमारे ५.९ मीटर येतो.