मतदानानंतरच्या चर्चेचा उपयोग काय?

प्रश्न : आमदार निवडून दिल्यावर निर्णय तेच घेतात. मग गावात पाच वर्षे राजकारणावर बोलत राहून काय साधते? आमच्या चर्चेचे प्रतिनिधीवर काही बंधन असते का?

उत्तर : कायदेशीर बंधन नसते. मतदारांनी आमदाराला परत बोलावण्याची तरतूद आपल्या संविधानात नाही. उलट 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्यानुसार सभागृहात पक्षादेश मोडून मत दिल्यास आमदारकी जाऊ शकते. म्हणूनच पक्षाची भूमिका ठरण्याआधी मतदारसंघातून काय बोलले जाते, याला फार महत्त्व आहे. मतपत्रिकेवर आपण नाव निवडतो. त्या नावाने कोणते काम कोणत्या कारणासाठी करावे, हे मतातून कळत नाही आणि ते सांगायला चर्चेवाचून दुसरा मार्ग नाही.

गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाचे उदाहरण मला या बाबतीत सर्वांत मोलाचे वाटते. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही या गावाची घोषणा अनेकांना ठाऊक आहे. तिच्यामागची पद्धत मात्र कमी लोक जाणतात. तेथे निर्णय ग्रामसभा घेते, तोही सर्वसहमतीने. पण विषय समजून घेण्यासाठी अभ्यासगट वेगळा बसतो, त्यात बाहेरचे जाणकारही येतात आणि तेथे कोणताही निर्णय होत नाही. निर्णयाचे दडपण नसल्याने माणसे मोकळेपणाने शंका विचारतात, मत बदलतात. अशा तयारीच्या गावाने 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावा केला आणि 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. हा कायदा संसदेतील प्रतिनिधींनी केला होता. त्याचा लाभ पदरात पाडून घेण्याची ताकद गावाच्या बोलण्यातून आली. प्रतिनिधित्व आणि चर्चा एकमेकांना कशा पूरक ठरतात, हे यात स्वच्छ दिसते.

इतरत्र चित्र निराशाजनक आहे, हे मान्य करायला हवे. गणपूर्तीअभावी, म्हणजे पुरेशी माणसे न जमल्याने, ग्रामसभा तहकूब होते, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, आणि मोजक्या माणसांचे म्हणणे गावाचा ठराव म्हणून वर जाते. तेव्हा तुमच्या गावातील चर्चा चालू ठेवाच. मात्र ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवरील एखादा विषय आठवडाभर आधी निवडा, त्याची कागदपत्रे ग्रामपंचायतीकडून मागवून एकत्र वाचा, महिलांच्या सभेतही तो मांडला जाईल असे पाहा, आणि झालेल्या ठरावाची प्रत आमदारांना लेखी उत्तराच्या मागणीसह पाठवा.